फ्लेक्सवरच्या मालनबाई

शहापूरला हायवेलगत आमची घरं एकमेकांना लागून आहेत. मालनबाई माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांचं माहेर पवनी तालुक्यातलं आसगाव. लग्नाआधी धानाची रोवणी, लग्नानंतरही रोवणी. मुलगा धर्मेंद्र नोकरीला लागला तेव्हा कुठे पाय चिखलातून बाहेर आले. त्यांना वाचता येत नाही. औषधाच्या पट्टीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं घेऊन त्या माझ्याकडे येतात आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहतात.

२०१६च्या दसऱ्याआधी मात्र त्या रिकाम्या हातांनी आल्या.

"चला सुशीलाबाई, अतुलच्या दुकानापाशी. माहा फोटू लावला म्हन्ते त्यानं. दरवाज्याएवढा!"

अतुल त्यांचा नातू. दोन वर्षांपूर्वी त्यानं चौकात कापडाचं दुकान टाकलं होतं. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या बायका पांढऱ्या साड्या घेतात. त्याच्या धंद्याची सारी मदार त्यावर. यंदा धम्मदीक्षेला साठ वर्षं होत होती, म्हणून त्यानं माल दुप्पट भरला होता.

फोटो सुरेख आला होता. विहारात हात जोडून बसलेल्या मालनबाई. त्या लाजून हसल्या. "वाचा ना, काय लिवलं हाये?"

मी वाचलं: "१९५६ साली आमचीच साडी नेसून दीक्षा घेतलेल्या मालनबाई. साठ वर्षांचा वारसा, तोच विश्वास."

"आमचीच मंजे कोनाची?"

"अतुलच्या दुकानाची."

शेजारच्या टपरीवर आमच्या गल्लीतल्या पुष्पाबाई उभ्या होत्या. त्यांनी संधी सोडली नाही. "काय वो मालनबाई, छप्पन साली अतुलचं दुकान होतं काय? तवा तर त्याचा बापही नोता!" टपरीवरची माणसं हसली. मालनबाई मात्र तशाच दुकानात शिरल्या.

"बाबू, हे खोटं काहून लिवलं?"

"आजी, जाहिरातीत असंच लिहितात. तू पांढरंच नेसली होती ना? मग झालं तर."

"साडी कोनाजवळ होती तवा? धोतर होतं. माह्या बाबाचं. फाडून अर्धं मले देल्लं."

अतुलची बायको हर्षा हिशेबाच्या टेबलावर होती. तिनं मान वर केली. "अहो, हे तर त्याच्याहून भारी आहे!"

दोन दिवसांत नवा फ्लेक्स लागला. फोटो तोच, खाली लिहिलं होतं: "आजीनं अर्ध्या धोतरात दीक्षा घेतली. तिच्या लेकी-सुनांनी आता अर्ध्यावर का राहावं?"

लोक थांबून वाचू लागले. लाखांदूरकडच्या दिघोरीहून गाडी करून बायका आल्या. एकीनं तर फ्लेक्सवरच्या मालनबाईंच्या पायांना हात लावला. साड्या भराभर जाऊ लागल्या. मलाही वाटलं, आता खरं तेच लिहिलं आहे, आता कुणाला खुपायचं कारण नाही. तसं मी मालनबाईंना बोलूनही दाखवलं. त्यानंतर त्या औषधाची पट्टी घेऊनही आल्या नाहीत आणि विहारातही दिसेनात.

शेवटी मीच गेले. त्या मागच्या अंगणात भाजी निवडत बसल्या होत्या.

"धोतर बाबाचं नोतं, सुशीलाबाई," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "हिरालालचं होतं."

हिरालाल त्यांचा थोरला भाऊ. दीक्षेला पांढरे कपडे घालून यायचं असा निरोप गावोगाव गेला होता. अख्ख्या घरात पांढरं कापड एकच, हिरालालनं मजुरी करून त्याच दिवसासाठी घेतलेलं धोतर. निघायच्या सकाळी, आपल्याला पांढरं नाही म्हणून, लहानगी मालन रडायला लागली. हिरालालनं ते धोतर मधोमध फाडलं. एक तुकडा वडिलांना, एक बहिणीला. स्वतः ढोरांपाशी राहिला. "तुमी जाऊन या, मी मंग जाईन," म्हणाला. त्याच हिवाळ्यात तो तापानं गेला.

"लोकं मले दीक्षा घेतलेली बाई म्हनून पुढं बसवतेत. ज्याचं धोतर, तो दीक्षेले गेलाच नाई. हे मी नवऱ्यालेही सांगतलं नोतं. आनं आता त्याच्यावर साड्या इकून राहिले."

त्या उठल्या आणि मला घेऊन दुकानात गेल्या. आत गिऱ्हाइकांची गर्दी होती.

"तो फोटू काढ, बाबू."

"आजी, निम्मा माल अजून पडून आहे! आता तर खरंच लिहिलं ना?"

"हिरालालच्या कपड्यावर कपडा इकू नोको."

"कोण हिरालाल?" अतुलनं विचारलं.

मालनबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. चूक त्याची नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तरी तो प्रश्न त्यांना लागला.

"मग काय लिहू, तूच सांग," अतुल चिडला.

"साडी कशी हाये ते लिव्ह. धुतल्यावर आटते ना? तेही लिव्ह."

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरलेला होता. दाराशी पुठ्ठा होता, हर्षाच्या अक्षरातला: "पांढरी सुती साडी. पहिल्या धुण्यात थोडी आटते. फॉल लावून मिळेल." काही बायका हसून पुढे गेल्या, काहींनी साड्या घेतल्या. दिघोरीची गाडी पुन्हा आली नाही. बराच माल कपाटात राहिला. अतुल आजीशी बोलेनासा झाला.

दसऱ्याला मालनबाई नागपूरला गेल्या नाहीत. गावच्या विहारात त्यांना नेहमीप्रमाणे पुढे बसवलं आणि वंदनेनंतर दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या.

"माहा भाऊ हिरालाल. तो गेला नोता. त्याचं धोतर गेलं होतं."

एवढंच बोलून त्या बसल्या. लोकांना वाटलं, वय झालं. जरा वेळानं कुणीतरी घोषणा दिली आणि सगळे उठले.

अतुल मागे, चपलांपाशी उभा होता. त्यानं ऐकलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पायऱ्या उतरताना त्यानं आजीपुढे हात केला. मालनबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, आणि माझा हात धरून उतरल्या.