एका दमात एक वाफा

अख्ख्या वऱ्हाडात अंतर दमावर मोजणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या घरात निघाला. ते माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, जऊळक्याच्या हुतूतू संघाचे वस्ताद. लोक कोस म्हणत, मैल म्हणत, भासरे म्हणत, "टेसन आपल्या मळ्यापासून सतरा दम हाय." सतरा वेळा छाती भरून घ्यायची आणि दर खेपेला 'हुतूतू' करत सुटायचं, की माणूस फाटकात उभा. एकदा एका पाहुण्याने मारुतीच्या देवळाचा रस्ता विचारला. यांनी सांगितलं, "दोन दम सरळ, मंग अर्ध्या दमावर डावीकडे." पाहुणा देवळाऐवजी तेल्याच्या घाण्यावर जाऊन पोचला. भासऱ्यांनी दोष पत्त्याला नाही, पाहुण्याच्या छातीला दिला.

त्यांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. होते ते संघाचे गडी. आमचा वांग्यांचा मळा हीच त्यांची शाळा. दिवस उगवायला गडी लंगोट कसून हजर होत आणि पाण्याची घागर खांद्यावर घेऊन वाफ्यांमधून पळत. एका दमात एक वाफा. दर चार पावलांवर आडवा वरंबा, त्याला पाय लागला तर पुन्हा पहिल्यापासून. गावातले लोक म्हणत, वस्ताद फुकटात पाणी घालून घेते. मलाही तसंच वाटे, आणि आमच्या वांग्यांना पाणी कधी कमी पडलं नाही हेही खरं. सामन्याआधी आठ दिवस गड्यांना तिखट बंद असे. वऱ्हाडी माणसाचा ठेचा बंद करणं म्हणजे त्याला अर्धा उपाशी ठेवणं, पण भासरे एकेकाच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेत. एक गडी सापडला तेव्हा कळवळून म्हणाला, "वस्ताद, मी नाई खाल्लं, बायकोनं फोडनीतच टाकलं."

"मंग परवा चढाईले बायकोलेच पाठव!"

या माणसाशी मी वीस वर्षांत समोरासमोर एक शब्द बोललेले नाही. आमच्यात रीतच तशी. भासरे दिसले की भावजयीने पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं. पण एका घरात राहायचं तर कामाचं बोलावंच लागतं. मी गोठ्यात जाऊन चांदीशी, म्हणजे आमच्या गाईशी, बोलत असे. भिंतीपलीकडे भासऱ्यांची बाज होती. "चांदे, बियानं संपलं व," असं मी म्हटलं की पलीकडून एक खाकरा येई, आणि दुसऱ्या दिवशी बियाणं घरात. खाकरा म्हणजे मंजूर. घरातला निम्मा कारभार त्या गाईच्या कानातून चालला.

केनवडच्या संघाने आम्हाला लागोपाठ तीन साल हरवलं. तिसऱ्या खेपेला भासऱ्यांनी मारुतीपुढे, सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "येत्या माघात हारलो त वस्तादकी सोडतो." लोकांनी समजावलं, ते ऐकेनात. मला पुढचं दिसत होतं. वांगी बाजारात मी विकत होते, हिशेबबिशेब यजमान पाहत. वस्तादकी गेली की हा माणूस दिवसभर बाजेवर बसून करणार काय?

सामन्याला पाच दिवस उरले होते. गडी त्या दिवशी सपाट खळ्यात खेळत होते आणि मी शेजारी वांगी तोडत होते. मान वर केली आणि पाहतच राहिले. चढाईवर निघालेला प्रत्येक गडी दर चौथ्या पावलाला गुडघा वर उचलत होता. खळ्यात वरंबा नाही, काही नाही, तरी पाय आपला वर. आम्ही तोडणीच्या बायाही घरच्या अंगणात अशाच चालतो. मग आठवलं, तिन्ही साली मी बैलगाडीत उभी राहून पाहिलं होतं, आमचा गडी दर वेळी घोट्यालाच धरला गेला होता.

संध्याकाळी धार काढायला बसले. "चांदे, वस्तादचे गडी सपाट जागेवर वरंबे काहून ओलांडून राह्यले व? केनवडवाले तोच उचलला पाय धरते."

खाकरा आला नाही. आवाजच आला, "चांदे, तिले म्हन, चूल पाह्य. हुतूतू बायकायचं काम नाई."

"चांदे, त्यायले म्हन, चूल पेटलेली हाय. इझून राह्यला तो संघ."

सकाळी फावड्याच्या आवाजाने मळ्यात गेले. भासऱ्यांनी सहा वाफ्यांचे वरंबे सपाट केले होते. फुलाफळाला आलेली वांगी उपटून बांधावर पडली होती, आणि बाजार दोन दिवसांवर. माझा जीव तीळतीळ तुटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गोठ्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "चांदे, वांगे पुन्हा येतीन!"

चार दिवस गडी त्या सपाट पट्ट्यात पाय घासत पळाले.

सामना टेसनामागे झाला. शेवटी दोन्हीकडे एकेकच गडी उरला आणि चढाई आमची. केनवडचा गडी नेहमीसारखा वाकून, हात पुढे करून टपलेला. आमचा लांबडा गडी गेला. एक, दोन, तीन पावलं. चौथ्याला केनवडवाल्याने झडप घातली, पण पाय वर आलाच नाही. त्याच्या मुठीत माती आली, आणि आमचा गडी त्याच्या पाठीवर थाप मारून रेघेवर परत. मी गाडीत उभी राहून ओरडत होते आणि पदर कुठे गेला याची शुद्ध नव्हती. भासऱ्यांनी पाहिलं आणि झटकन तोंड फिरवलं.

घरी आल्यावर ते गुळाचा खडा घेऊन गोठ्यात शिरले. "चांदे, अर्धा तुले, अर्धा तिले." चांदीने सगळा खाल्ला.

पुढे त्यांचा स्वतःचा दम आखूड झाला. बाजेपासून गोठा तीन दमांवर गेला. "घर लांबत चाललं," म्हणायचे. मागल्या पावसाळ्यात ते गेले. ते सहा वाफे त्यांनी पुन्हा बांधलेच नव्हते. गडी अजून तिथेच पळतात. चांगली ओलिताची जमीन रिकामी ठेवणं मला पटत नाही. म्हणून परवा चांदीच्या कालवडीची, आता तीही व्यायली आहे, धार काढताना सांगून टाकलं, "अवंदा त्या पट्ट्यात वांगे लावतो, म्हन त्यायले."

मग सडावरचा हात तसाच ठेवून थोडा वेळ थांबले. पलीकडून खाकरा आला नाही.

वांग्यांचं पुढच्या साली पाहू.