नळातला जोड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो, तिथंही दुसरंच काहीतरी पुटपुटून परत आलो. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू — थकलोय. सांगून हलकं वाटेल म्हणून नाही. न सांगता राहणं आता जमत नाही, एवढंच.

आणि सरळ मुद्द्यावर येईन म्हणाल तर तेही होणार नाही. जीभ आडवळणं घेते. घेऊ द्या तिला जरा.

मी नळवाला. म्हणजे खापरी नळ जमिनीत पुरून विहिरीचं पाणी मळ्यात न्यायचं, हे माझं काम. भोरपासून आंबवड्यापर्यंत आणि खाली शिवऱ्यापर्यंत कितीतरी मळ्यांत माझ्या हातचे नळ आहेत. धोंडिबाचा नळ पाझरत नाही, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे त्याच्या दुप्पट मी म्हणायचो. हातात कसब होतं आणि तोंडात त्याहून जास्त. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

भोरमध्ये आमच्या घरासमोर, गल्लीच्या पलीकडे, इब्राहिमभाई राहायचे. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. भजनाच्या पेट्या दुरुस्त करायचे. वेल्ह्याच्या खोऱ्यातून माणसं डोक्यावर पेटी घेऊन डोंगर उतरून त्यांच्याकडे यायची. कामथडीचं भजनी मंडळ तर दुसऱ्या कुणाला आपल्या पेटीला हात लावू द्यायचं नाही. इब्राहिमभाई पेटी उघडायचे, आतल्या पितळी पट्टीवर कानस एकदा — एकदाच — फिरवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आधीच्या सुरात आणि नंतरच्या सुरात काय फरक पडला, ते आम्हाला कळायचं नाही. त्यांना कळायचं. त्या कानावर त्यांचं घर चालत होतं.

त्यांना एकच हौस होती, बिनतारीची. तरुणपणी ते बोटीवर होते, बिनतारीच्या खोलीत हरकाम्या म्हणून. तिथं त्यांनी ती तारायंत्राची कट-कडची भाषा उचलली होती. गावी परतल्यावर कुठून कुठून सुटे भाग जमवून त्यांनी स्वतःचं यंत्र बनवलं. रीतसर परवाना काढला. मोटारीच्या बॅटरीवर ते यंत्र चालायचं. दर रविवारी संध्याकाळी कानाला डबे लावून ते बसत, आणि लंकेतल्या चहाच्या मळ्यावरचा एक माणूस त्यांच्याशी बोले. बोले म्हणजे कट-कड करी. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्याच्या मळ्यात पाऊस झाला की नाही, ते आमच्या गल्लीला सोमवारी सकाळी कळायचं. रविवारी संध्याकाळी इब्राहिमभाईंचा चेहरा कसा व्हायचा — तुम्ही पाहायला हवा होता.

लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी त्यांनी, आवाज आणखी स्वच्छ यावा म्हणून, उंच खांब उभारायचं ठरवलं. त्यांच्या परड्यात जागा नव्हती. गल्लीच्या या बाजूला, माझ्या घरामागच्या उंचवट्यावर होती. मी म्हणालो, उभारा की, विचारता काय? पण खांबापासून यंत्रापर्यंत तार गल्ली ओलांडून न्यायची, आणि आमच्या गल्लीतून चैत्रात देवाची काठी जाते. काठी म्हणजे दोन पुरुष उंच, वर निशाण. ती वाटेत कुठंही वाकवायची नाही, अशी चाल आहे. गावातलं कुणी काही बोललं नव्हतं. इब्राहिमभाईच म्हणाले, "देवाची काठी माज्या तारंखाली वाकवायची? न्हाई बाबा. तार जमिनीतून नेऊ. तू हाईस की."

मी होतो की!

काम सोपं होतं. गल्लीतले दगड उचलायचे, चर खणायचा, खापरी नळ एकाला एक जोडत न्यायचे आणि त्यातून दोरी ओवून ठेवायची. मग दोरीला तार बांधून ओढून घ्यायची. इब्राहिमभाईंनी मुंबईहून रबरी वेष्टणाची दुहेरी तार मागवली होती. ती यायला तीन महिने लागले होते. त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. नळाला उतार ठेव, पाणी थांबता कामा नये. आणि तार अखंड पाहिजे, जोड नळात नको. दुसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. मी हसलो. म्हणालो, "भाई, मला शिकवता व्हय?"

ते दुपारी जेवायला गेले आणि मी तार ओढायला घेतली. निम्म्यावर ती अडली. सांध्यातला चुना आत फुगवटा धरून बसला असणार. थांबायला हवं होतं. तार मागे घेऊन, तेवढा सांधा उकलून, चुना खरवडायला हवा होता — तासाभराचं काम. पण तेवढ्यात ते जेवून आले असते आणि धोंडिबाचा नळ अडलेला त्यांनी पाहिला असता. मी हिसका मारला. मग आणखी एक. तार तुटली.

आता सांगा, तेव्हा गल्ली ओलांडून जाऊन "भाई, तार तुटली" एवढं म्हणायला काय लागत होतं? ते रागावले असते का? मला नाही वाटत. फार तर गप्प बसले असते, पुन्हा तार मागवली असती. पण मी दोन्ही टोकं बाहेर काढली, पिळून जोडली, वर चिंधी गुंडाळली, चिंधीवर डांबर फासलं आणि सांधा खरवडून तो जोड हळूच नळात ओढून घेतला. बरोबर गल्लीच्या मध्यावर. आणि हेही सांगून टाकतो, घाईत मध्यावरच नळ जरा खाली बसला होता. उतार होता कुठं? तिथं खोलगट झालं होतं. माती लोटली, दगड बसवले. नेमके त्या दिवशी ते जेवून आडवे झाले होते; आले तेव्हा मी हात धूत होतो.

त्या चैत्रात काठी ताठ गेली. तिच्या पायाखालून तार जाते, हे तेव्हा फक्त आम्हा दोघांच्याच ध्यानात होतं. इब्राहिमभाईंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मीही मिचकावले. उन्हाळाभर लंकेवाला असा खणखणीत ऐकू यायचा, की ते डबे टेबलावर काढून ठेवून मला ऐकवायचे.

श्रावणात आवाज बारीक झाला. मग आणखी बारीक. इब्राहिमभाईंनी यंत्र उघडलं, पुसलं, जोडलं. पुन्हा उघडलं. एकदा त्यांनी मला विचारलं, "नळात पानी तर न्हाई ना शिरलं?" मी म्हणालो, "माज्या नळात?" झालं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कारागीर माणूस दुसऱ्या कारागिराच्या शब्दावर शंका घेत नाही, निदान ते तरी घेत नसत. ते यंत्रावरच शंका घेत राहिले.

आता येतोच तिथं. येतो.

त्यांच्या वडिलांचे कान पन्नाशीत गेले होते. आधी बारीक आवाज गेले, मग मोठे. इब्राहिमभाई तेव्हा पन्नाशीला टेकले होते. ही भीती त्यांनी एकदा ओट्यावर बसून मला बोलून दाखवली होती. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा, मला सगळं माहीत होतं.

भाद्रपदातल्या त्या रविवारी ते दोन तास डबे लावून बसले होते. भाभी मधून मधून दारात येऊन बघत होत्या. शेवटी इब्राहिमभाईंनी डबे काढले आणि माझ्यापुढे धरले. "तू आईक बरं. तुज्या कानांनी आईक." मी लावले. आत नुसती खरखर होती. कट नाही, कड नाही, काहीच नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला कळत होतं — मी "नाही" म्हणालो, तर यंत्रात दोष नाही हे तपासून झालंय, उरतो फक्त नळ. उद्या सकाळी दगड उचलले जाणार. आणि मी काय केलं? मी बोटानं टेबलावर ताल धरला. कट, कड, कट. जणू ऐकतोय. मान डोलावली. म्हणालो, "येतंय की भाई. बारीक हाय, पर येतंय."

त्यांनी डबे परत घेतले. लावले. बराच वेळ ऐकलं. मग काढून अलगद ठेवले आणि बोट कानात घालून हळूहळू फिरवलं, पाणी गेल्यावर करतात तसं. भाभींनी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काय न्हाई."

त्यानंतर त्यांनी कट-कडच सोडली असती तर मी म्हणालो असतो, चला, एक हौस गेली. पण कान काय फक्त बिनतारीचे होते? दसऱ्याच्या आधी वेल्ह्याकडची दोघं पेटी घेऊन आली. इब्राहिमभाईंनी ती उघडली, कानस हातात घेतली, एक पट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. कानस खाली ठेवली. म्हणाले, "पुन्याला न्या. आता मला खात्री देता येत न्हाई." ती माणसं दिवसभर चालून आली होती. तशीच पेटी डोक्यावर घेऊन परत गेली. मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. मग कामथडीची पेटी परत गेली. मग पेट्या यायच्या थांबल्या. त्या घरात पुढं शिवणाचं यंत्र आलं. भाभी शिवायच्या आणि इब्राहिमभाई बटणं लावायचे. ज्या बोटांना केसाएवढा सूर कळायचा, ती बटणं लावत होती.

भाभींना ते पटत नव्हतं. चुलीपाशी बसून त्या हळूच काहीतरी बोलायच्या आणि ओट्यावरून इब्राहिमभाई उत्तर द्यायचे. "ऐकू येतंय की तुमास्नी!" असं त्या कळवळून म्हणायच्या. ते म्हणायचे, "बोललेलं येतं गं. बारीक येत न्हाई. धोंडिबाला आलं, मला न्हाई आलं." माझं नाव. दर वेळी साक्षीला माझं नाव.

पुढच्या वर्षी लढाई लागली, परवाने रद्द झाले, यंत्रं जमा करायचा हुकूम आला. इब्राहिमभाईंनी यंत्र पुसलं, कापडात बांधलं आणि नेऊन दिलं. खांब उतरवला. "नळातली तारबी काढून घे, कुणाला तरी उपेगी पडंल," असं मला म्हणाले. मी ओढली. निम्मीच हातात आली. टोकाला चिंधीचा चिखल आणि हिरवं पडलेलं तांबं. बोटात धरलं तर चुरा झाला. इब्राहिमभाई समोर, दहा पावलांवर बसले होते. दहा पावलं! ते टोक त्यांच्या हातात दिलं असतं तर त्यांना एका नजरेत सगळं कळलं असतं. मी ते मुठीत दाबलं आणि म्हणालो, "सडली भाई. जमिनीत ऱ्हाऊन सडली."

त्यानंतरच्या चैत्रात पुन्हा काठी आली. मागे कामथडीचं भजन होतं, पुण्याहून दुरुस्त करून आणलेली पेटी होती. इब्राहिमभाई आणि मी एकाच ओट्यावर बसलो होतो. भजन समोर आलं आणि मी पाहिलं, पेटीवाल्याचं बोट एका ठरावीक पट्टीवर गेलं की इब्राहिमभाईंच्या कपाळाला आठी पडते. पुन्हा ती पट्टी, पुन्हा आठी. खडा चावल्यासारखी. मला सूर कळला का? नाही. मला त्यांचा चेहरा कळला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. लोक डोलत होते, कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले आणि एवढंच विचारलं, "धोंडिबा, सूर बराबर हाय का रं?"

मी म्हणालो, "बराबर हाय."

त्यांनी मान हलवली. "मंग माजेच कान," म्हणाले, आणि पुढं जाणाऱ्या काठीला त्यांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पेटीवाला मला रस्त्यात भेटला. पुण्याहून आणल्यापासून एक सूर उतरलाय, आता पुन्हा एवढं कोण नेतंय, असं तो म्हणत होता. मी ऐकून घेतलं आणि कामावर गेलो. इब्राहिमभाई त्यानंतर चार वर्षं जगले. चार वर्षं आम्ही समोरासमोर राहत होतो.

त्यांचे कान शेवटपर्यंत चांगले होते. नळात जोड होता, तो मी घातला होता, आणि त्या रविवारी डब्यांत काहीच ऐकू येत नव्हतं. आता हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना नव्हतं.