सतरा नंबरचा फॉर्म

हर्सूलच्या एका खासगी शाळेत सरिता मगर यांनी चोवीस वर्षं गणित शिकवलं आणि मग त्या मुख्याध्यापिका झाल्या. पहिल्याच वर्षी संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी नववीतल्या चार कच्च्या मुलांची नावं दिली. घरच्यांना दाखला न्यायला सांगायचं, मुलांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचं. म्हणजे शाळेचा निकाल शंभर टक्के. बाईंनी ते मुकाट्यानं केलं. पुढं त्यातली सायली त्यांना बाजारात मेथी विकताना दिसली. फॉर्म भरायचा राहूनच गेला होता. बाईंना ओळखून तिनं एक जुडी जास्तीची टाकली. ती भाजी त्यांनी ताटात तशीच ठेवली.

पुढच्या वर्षी यादीत अकरा नावं आली. पालकांना बोलावलं त्या दिवशी तात्यासाहेब स्वतः ऑफिसात येऊन बसले. पहिली आली प्रांजलीची आई कडूबाई, सावंगीकडं शेरडं राखणारी. दाखल्याचा अर्ज कुणीतरी आधीच लिहून ठेवला होता.

"कुठं अंगठा द्यायचा ते सांगा बाई," ती म्हणाली. "शेरडं एकलीच हायेत."

बाईंनी तिच्यासमोरचा शाईचा पॅड उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

"कुठंच देऊ नका. तुम्ही मागितल्याशिवाय दाखला निघत नाही. आणि तुम्ही मागायचा नाही."

तात्यासाहेबांनी थंडपणे विचारलं, मग निकालाचं काय?

"लागेल तो लागेल. मुलं काढायचीच असतील तर आदेश लेखी द्या. मी तो नोटीस बोर्डावर लावते."

बाकीच्या दहा घरांनाही बाईंनी तेच सांगून परत पाठवलं.

लेखी आदेश काही आला नाही. आली ती गैरवर्तनाची नोटीस. उत्तरात बाईंनी आधीच्या चारही मुलांची नावं लिहिली, त्या दाखल्यांवर सही आपलीच होती हेही लिहिलं, आणि एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना धाडली. दिवाळीआधी त्यांचा पदभार गेला. त्या परत वर्गावर गेल्या. शाळा सुटल्यावर अकरा जणांना घेऊन बसू लागल्या. सायलीचा फॉर्म स्वतः भरून तिलाही त्यांच्यातच बसवलं.

दहावीच्या निकालात अकरांपैकी नऊ पास झाले, बाहेरून बसलेली सायलीही झाली. प्रांजली गणितात राहिली. गेटवर शंभर टक्क्यांचा फलक काही लागला नाही. तात्यासाहेब स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, आता तरी चूक कबूल करा.

"चुका चार होत्या. त्या मी लिहून दिल्यात," बाई म्हणाल्या. "ही चूक नव्हती."

जुलैच्या पुरवणी परीक्षेला महिना उरला होता. प्रांजली बाहेर वही घेऊन थांबली होती. बाई उठल्या.