चिकाचे हात

सरांनी लाकडी पट्टीनं माझा हात कीबोर्डवरून उचलला. बोटानं नाही, पट्टीनं. आणि सगळ्या वर्गाला दाखवला.

"हे हात मशीनला लावायचे?"

वर्ग हसला. जळगावच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरचा कोर्स नवाच निघाला होता. बी.ए. झालेल्यांनाही घेत होते. चपला दाराबाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं. माझे हात काळे होते ते केळीच्या चिकानं. भडगावजवळ आमचं गाव. रविवारी आईबरोबर दुसऱ्याच्या बागेत जायचं, केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायला. तो चीक हाताला लागला की काळा पडतो, साबणानं निघत नाही. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या घरची केळीची बाग होती. चीक कोणाच्या हाताला लागतो, तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"धुऊन ये," म्हणाले. धुऊन आले. डाग तसेच.

"तू मागं उभी राहा. बघून शिक. सवलतीवर आलेल्यांना तेवढं पुरे."

त्या दिवसापासून रीतच पडली. सायन्सवाले खुर्चीत, आम्ही आर्ट्सवाले त्यांच्या पाठीमागं उभे. प्रोग्रॅम आम्हीपण लिहायचो, पण कागदावर. टाइप ते करायचे. माझ्या प्रोग्रॅमचं उत्तर बरोबर आलं की शाबासकी खुर्चीतल्याला. शेजारी उभी असलेली पारोळ्याची मैत्रीण कानात म्हणायची, "बठ्ठं त्यासनंच शे, बाई." म्हणजे सगळं त्यांचंच आहे. मी तिला गप करायचे. वाटायचं, गुमान राहिलं तर कधीतरी आपल्यालाही खुर्ची मिळेल.

मिळाली. थेट प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. बाहेरगावचे परीक्षक आलेले. प्रोग्रॅम डोक्यात तयार होता, पण कोणतं अक्षर कुठं, ते बोटांना कळेना. एक अक्षर सापडेपर्यंत पुढची ओळ डोक्यातून जायची. शेजारून टकाटक आवाज येत होता. वेळ संपली तेव्हा माझा स्क्रीन अर्धा रिकामा होता.

सर परीक्षकांना म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं? आर्ट्सच्या पोरींचं हे काम नाही."

ज्यानं वर्षभर हात लावू दिला नाही, तोच हे बोलत होता. मी उठले, खुर्ची आत सरकवली आणि दाराबाहेर येऊन चपला घातल्या. सरांची चीड मला आजही येते. माझी स्वतःचीसुद्धा येते.

दुसऱ्या खेपेला पास झाले. धुळ्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले. तिथंही वर्ग मिसळीचा. बी.एस्सी., बी.कॉम., बी.ए., सगळे एकत्र. पहिल्याच प्रॅक्टिकलला पाहते तर काय, अजून कोणी बसलंही नव्हतं, तोच बी.ए.ची पोरं-पोरी आपणहून मागं गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं.

"बसा," मी म्हटलं. कोणी हलेना. मग एकेकाला दंडाला धरून बसवलं. मशीनं सगळ्यांना पुरत नव्हती, म्हणून सायन्सवाल्यांना सांगितलं, आज तुम्ही उभे राहा, उद्या बदलू.

विभागप्रमुख आले. दारातूनच म्हणाले, "मॅडम, यांना उठवा. मशीनं बिघडतील."

पोरं लगेच उठायला लागली. एवढी सवय.

"उठू नका," मी म्हटलं. मग त्यांच्याकडे वळले. "मी उठवणार नाही, सर. उठवायचंच असेल तर आधी मला काढा."

काढलं. पुढच्या सत्राला बोलावलंच नाही. त्या वर्गातली एक पोरगी नंतर धुळ्याच्या बसस्टँडवर भेटली. विचारलं, बसता ना गं आता खुर्चीत?

"नाही मॅडम," ती म्हणाली. "परत मांगेच."

काही बदललं नाही. बदलेल असंही मला वाटत नाही. खोटं कशाला सांगू?

आता मी परत आईबरोबर बागेत जाते. हात पुन्हा काळे झालेत. उद्या भुसावळला एका कॉलेजात मुलाखत आहे. मघाशी आई घासलेट आणि चिंधी घेऊन आली. "पुशी ले," म्हणाली. तिचे स्वतःचे हात तर मनगटापर्यंत काळे. मी चिंधी बाजूला ठेवली.

उद्या हेच हात टेबलावर ठेवून बसणार आहे. नोकरी नाही दिली तर नाही दिली. आणि दिलीच, तर पहिल्या दिवशी भिंतीपाशी उभं राहिलेल्यांना मशीनसमोर बसवणार. पुन्हा काढतील. काढू देत. मी कोणालाही उठवणार नाही.