खाऱ्या पाण्यावरची गाडी

माझी गाडी तेव्हा अकरा वर्षांची होती आणि बाबा एकोणऐंशी वर्षांचे. दोघांनाही लांबच्या प्रवासाला न्यायचं नाही, असं घरात ठरलेलं होतं. ठरवणारी मीच, त्यामुळे मोडणारीही मीच. पौषातल्या पौर्णिमेला पहाटे साडेतीनला दोघांना घेऊन मी नाशिकहून आमच्या गावी, दिघीला निघाले.

कारण आमची बोट विकली गेली होती. बाबांनी ती तीस वर्षं चालवली, त्यांच्यानंतर माझ्या चुलतभावाने. खलाशी टिकेनात, डिझेल परवडेना, म्हणून भावाने रत्नागिरीकडच्या एका माणसाशी बोलणं केलं आणि बाबांना फोन करून विचारलं. बाबा लगेच ‘दे’ म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “पन माज्या हातानं दीन.”

आमच्या कोळीवाड्यात बोट हस्ते-परहस्ते देत नाहीत. जुना मालक बोटीवर चढतो, चालतं इंजिन आपल्या हाताने बंद करतो आणि पाण्याला नारळ देतो. मग नवा मालक पुढे येऊन स्वतःच्या हाताने इंजिन सुरू करतो. मधल्या त्या शांततेत बोट कोणाचीच नसते. हे न करता बोट नेली, तर ती विकत घेतलेली नव्हे, पळवलेली, असं मानतात. “तसं क्येलं न्हाय तर ती माजा हात शोधत बसंल,” असं बाबा मला नाशिकच्या स्वयंपाकघरात म्हणाले होते. मी भाजी चिरत होते. ‘बघू’ म्हणणार होते, पण तोंडून ‘जाऊ’ निघालं.

पुनवेची भरती दुपारी बाराला पुरी होते, हे बाबांना कॅलेंडर न बघता माहीत असतं. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय, म्हणून ओहोटीचा जोर वाढायच्या आत बाहेर पडायला हवं. नव्या मालकाने सांगितलं होतं, साडेबारापर्यंत वाट बघतो. पुढे त्याचाही इलाज नव्हता.

महामार्गाने, म्हसळ्यावरून गेलो असतो तर सरळ दिघीत उतरलो असतो. पण बाबांना किनाऱ्याचा रस्ता हवा होता, म्हणजे अलिबाग, रेवदंडा, मुरूड आणि आगरदांड्याहून फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे. “समुद्र उजव्या हाताला ऱ्हातो,” एवढंच कारण. मी वाद घातला नाही. म्हणजे कसाऱ्यापर्यंत घातला, मग दमले.

त्या सकाळचं मला सगळं सलग आठवत नाही. घाटात चंद्र कधी समोर, कधी आरशात. पेणच्या पुढे धुकं इतकं खाली होतं की शेतातल्या झाडांना बुंधेच नव्हते, नुसते शेंडे तरंगत होते. बाबा मांडीवर नारळ धरून बसले होते. डुलकी लागली तरी त्यांचा हात नारळावरून सुटत नव्हता. मध्येच जागे होऊन मुंबईला मासळी नेण्याच्या दिवसांतलं काहीतरी सांगायचे आणि वाक्य अर्धं ठेवून पुन्हा झोपायचे. मी ती अर्धी वाक्यं मनात पुरी करत गाडी चालवत होते, आणि आपण जागे आहोत की बाबांच्याच झोपेतून चाललोय, हे मला कळेनासं झालं होतं.

रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावच्या बाजूला उतरलो आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर गेला. आधी मला वाटलं, उन्हाची तिरीप पडलीय. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली. गाडी कडेला घेतली तेव्हा दहा वाजायला आले होते. खाली हाताच्या अंतरावर खाडी चढत होती. अलिबागच्या एका मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, तासाभरात येतो. मेकॅनिकचा तास कसा असतो ते मला ठाऊक आहे. मी रस्त्यावरच, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशी, गाडीला आणि किनाऱ्याच्या रस्त्याला नावं ठेवली.

बाबा मात्र खाली उतरले आणि एकदम जागे झाले. मला आत बसवून ठेवलं, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. “तापलेल्या इंजानाशी बोलायचं न्हाय. निवू दे,” म्हणाले. वीस मिनिटं ते बॉनेटपाशी कान देऊन उभे होते. पाण्याचा रबरी पाइप एका जागी चिरला होता. बाबांच्या खिशात जाळ्याचा दोरा असतो. नाशिकला समुद्र नाही, जाळं नाही, पण दोरा असतोच. दाराच्या मुठी, उशीचा अभ्रा, माझ्या चपलेचा बंद, सगळं ते त्या दोऱ्याने बांधतात. त्यांनी माझ्याकडून एक प्लॅस्टिकची पिशवी मागून घेतली, ती पाइपावर घट्ट गुंडाळली आणि वरून दोऱ्याचे इतके वेढे दिले की पाइप दिसेना.

पाणी भरायचं राहिलं. गाडीतला डबा मोकळा होता. मी म्हटलं, वर चहाची टपरी आहे, तिथून पाणी आणते. टपरीवालीने भांडं दिलं, पिंपातलं पाणी काढून दिलं, कुठून आलात ते विचारलं. परत येईपर्यंत बाबांनी झाकण लावलेलं होतं आणि गाडी मजेत चालू होती. काटा खाली होता. मोकळा डबा ओला होऊन त्यांच्या पायाशी पडला होता.

“झालं,” बाबा म्हणाले. “इंजानाला पानी लागतं. फ्रिजातलं लागत न्हाय.”

त्यांना नाशिकला आणल्यापासूनच्या तीन वर्षांत त्यांचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता. गेल्याच महिन्यात गॅस चालू राहिला म्हणून मी त्यांच्यावर ओरडले होते. कामवाल्या बाईंच्या देखत ओरडले होते. तेव्हापासून ते स्वयंपाकघरात शिरताना विचारून शिरत. आणि इथे ते रस्त्याच्या कडेला, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हात काळे, असे उभे होते आणि मला गाडीत बसायची खूण करत होते.

मी बॉनेट लावायला वाकले तेव्हा दिसलं. गरम पत्र्यावर सांडलेले थेंब सुकले होते आणि प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरी कड उरली होती. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

बोटीचं इंजिन खारं पाणी पितं. आमच्या बोटीवर तळाच्या भोकातून समुद्राचंच पाणी इंजिनाभोवती फिरून बाहेर पडायचं. तीस वर्षं बाबांनी इंजिन तापलं की खाली वाकून डबा भरला होता. हातच तो, गेला खाली. हा वेंधळेपणा आमच्याच घरात होऊ शकतो, दुसऱ्या कोणाच्या बापाला सुचणार नाही.

मोटारीला ते पाणी म्हणजे विष, हे मला ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक असणार, फक्त त्या घटकेला लक्षात नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी गाडी हलू दिली नसती. यंत्राचे हाल त्यांना बघवत नाहीत. पुन्हा निववायचं, सगळं पाणी काढायचं, गोड्या पाण्याने दोनदा धुवायचं, म्हणजे दीड तास. साडेदहा झाले होते. आणि ते पुन्हा विचारून विचारून स्वयंपाकघरात शिरायला लागले असते. मी बोट पदराला पुसलं, भांडं टपरीवालीला परत दिलं आणि गाडीत बसले. एका दिवसाने काही होत नाही, असं मी मला सांगितलं. ते खोटं होतं, पण सोयीचं होतं.

त्यापुढचा रस्ता मी कित्येकदा स्वप्नात पाहिलाय, आणि खरा कसा होता ते आता वेगळं काढता येत नाही. कोर्लईला पाणी चांदीच्या पत्र्यागत निश्चल होतं. काशीदला सुरूच्या बनातून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत येत होतं आणि बाबांच्या हातावरून, नारळावरून, माझ्या मांडीवरून सरकत होतं. काचा उघड्या होत्या. सुकटीचा वास आला, गेला, पुन्हा आला. मला वाटत होतं, चाकं फिरतच नाहीयेत, भरती आम्हाला उचलून दक्षिणेकडे नेतेय. आईला जाऊन सात वर्षं झाली होती, पण त्या तासाभरात ती मागच्या सीटवर असती तर मला नवल वाटलं नसतं. मी दर दोन मिनिटांनी काटा बघत होते. बाबाही बघत होते. ते डोळ्याच्या कडेने बघतायत, असं मला वाटलं आणि मी ते सोडून दिलं.

आगरदांड्याला पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. फेरीबोट नुकतीच सुटून पाण्यात लांब गेली होती. पुढची ती परत आल्यावर. मी इंजिन बंद केलं. समोर खाडी काठोकाठ भरून चमकत होती, आणि पलीकडे, डोळे बारीक केले तर दिसेल एवढी, दिघी.

“बाय,” बाबा म्हणाले. “गाडीत खारं पानी हाय.”

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“डबा भरताना ध्यान न्हवतं. कोर्लईला व्हटावरनं हात फिरवला तवा कळलं.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

“तू थांबवली असती गाडी.”

“बाबा, मला साळावलाच कळलं होतं.”

त्यांनी मान वळवली. “मंग तू का न्हाय बोललीस?”

“तुम्ही थांबवली असती.”

ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. रांगेतल्या टेम्पोचा ड्रायव्हर वाकून बघायला लागला. मलाही हसू आवरेना आणि त्यातच रडू आलं, कारण इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलंच पाप होतं. चार महिन्यांनी रेडिएटर गेला, पाठोपाठ इंजिनचं हेडही. नाशिकच्या मिस्त्रीने विचारलं, ताई, गाडी समुद्रात घातली होती का? मी म्हटलं, नाही, समुद्र गाडीत घातला होता.

फेरीबोटीवर गाडी चढवली तेव्हा एक वाजायला आला होता. भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, आता थांबता येत न्हाय, ओहोटी लागली. निघालो आम्ही. मी पार रत्नागिरीपर्यंत सोबत चाललोय.” मी बाबांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि गाडीतून उतरून कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लांबचं त्यांना रंगापुरतं दिसतं.

खाडीच्या मध्यावर आलो असू. मला लांबचं काहीच ऐकू येत नव्हतं, फेरीबोटीच्या इंजिनाने पायाखालचा पत्रा थरथरत होता. बाबांनी हात वर केला. “आली.”

मग मलाही दिसली. निळा रंग उडालेली, पुढच्या टोकाची नाळ जरा वर उचललेली, आमच्या डावीकडून समुद्राकडे चाललेली. दोन बोटींत हाक पोचेल न पोचेल एवढं अंतर होतं. बाबांनी माझ्याकडे हात पसरला. मी फोन लावून दिला.

“इंजान बंद कर,” ते म्हणाले.

“काका, मधीच?” भावाचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला.

“माज्या हाताच्या जागी तुजा हात. बंद कर.”

निळ्या बोटीचा धूर थांबला. ती पाण्यावर नुसती वाहायला लागली. बाबांनी कठड्यावरून वाकून नारळ खाडीत सोडला. फेकला नाही, सोडला. फेरीबोटीवरची सगळी माणसं आता आमच्याकडे बघत होती. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. अर्धं मिनिट असेल. ती बोट कोणाचीच नव्हती.

मग नव्या मालकाने सुरू करायला घेतली असावी, कारण फोनमधून खरखर आली आणि थांबली. पुन्हा आली, पुन्हा थांबली. ओहोटी बोटीला आडवी करू लागली.

“त्याला दे फोन,” बाबा म्हणाले. मग आवाज बदलून, परक्या माणसाशी बोलावं तसे: “दादा, घाई करू नका. थ्रॉटल अर्धा. बटन दोनदा नुसतं लावून सोडायचं. व्हय, सोडायचं. आता थांबा. थांबा. आता दाबा आनि धरा.”

धूर आला. काळा, मग पांढरा, मग दिसेनासा.

“आसं. पहाटंच्या थंडीत तीनदा,” बाबा म्हणाले. “आनि उजव्या अंगाला वडते जरा. आवरू नका. थोडं जाऊ द्यायचं, मंग ती आपून येते.”

पलीकडून तो माणूस काहीतरी बोलला. बाबा म्हणाले, “न्हाय, आजून काय न्हाय. एवडंच व्हतं.”

पण फोन त्यांनी कानावरून काढला नाही. पलीकडेही कोणी तो बंद केला नव्हता, इंजिनाजवळच कुठेतरी ठेवला असावा. बोट खाडीच्या तोंडाबाहेर पडली, लहान झाली, उन्हात विरली. आमची फेरीबोट दिघीला लागली, गाड्या उतरू लागल्या, मागचे हॉर्न देऊ लागले. बाबा डोळे मिटून उभे होते, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून. समुद्रात रेंज कुठवर पोचते ते मला माहीत नाही. मी मागच्या गाड्यांना हात करून बाजूने जायला सांगत राहिले.