आसमा कोणत्या गावची?

आमच्या साखरखेर्ड्यात अब्दुल गनीइतका हट्टी माणूस दुसरा नाही. धंदा गाद्या भरायचा. बीटीचा कापूस हातात आला की आधी नाक मुरडणार, मग त्याचीच गादी अशी भरणार की झोपणारा सकाळी उठायला तयार नसतो. भांडतो सगळ्यांशी, पण निवाडा करताना सख्ख्या भावालाही सोडत नाही. म्हणून बोंडअळीनं कापूस खाल्ला त्याच्या पुढच्या वर्षी गावोगावच्या पोरांनी मोबाईलवरच्या क्रिकेटची स्पर्धा काढली, तेव्हा पंच म्हणून त्यालाच धरलं. मोबाईलवर फोन उचलण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं, हा भाग वेगळा.

पहिल्याच बैठकीत घोडं अडलं. कापूस बुडाल्यावर निम्मी पोरं पुण्याला कंपनीत लागलेली. ती कुठल्या गावाकडून खेळणार? आंतरराष्ट्रीय स्पर्धांत देशाच्या संघासाठी पासपोर्ट बघतात म्हणे. गावाचा पासपोर्ट कुठून आणायचा? काहींनी तर भाड्याचे खेळाडूही ठरवून ठेवले होते. गनीभाई म्हणाला, "ज्याच्या घरी आपन मयतीचा सांगावा धाडतो, तो आपल्या गावचा. बस!" पुण्याची पोरं आत आली, भाड्याची बाहेर गेली. मी शाळेतला मास्तर, मला तर तो नियम फार आवडला.

फायनलला जानेफळशी गाठ पडली. जानेफळची हुकमी खेळाडू आसमा ही गनीभाईचीच लेक, जाकीरशी लग्न होऊन तिकडे गेलेली. तोवर तिच्या खेळण्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. हरायची पाळी दिसली तसा आमच्या पोरांना नियम आठवला.

"गनीचाचा, आसमाआपाले सांगावा आपन धाडतो ना? मंग ते आपली!"

"तिच्या घरी आमचाबी सांगावा जाते," जानेफळवाले म्हणाले.

दोन्ही खरं होतं. तिला खेळवूच नका, असंही कोणी सुचवलं. गनीभाईनं मला बाजूला घेतलं.

"सर, जानेफळात तिले अजून साखरखेर्डेवाली म्हनतात. इथं आली का पाहुनी. आता खेळातूनबी काढू काय तिले?"

मग त्यानं सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर लावला आणि नवा नियम सांगितला: दोन गावं लागत असतील, तर खेळाडूनं स्वतः एक निवडायचं. एकदाच. पुन्हा बदल नाही.

"बोल बेटा, तू कोनत्या गावची?"

"अब्बा, मले जानेफळची धरा."

आमची पोरं चिडली. मीही चिडलो, खोटं कशाला बोलू! आसमानं आम्हाला धू धू धुतलं. जानेफळच्या चौकात लाऊडस्पीकरवर "आपल्या जानेफळची आसमा" असा पुकारा झाला, आणि जाकीरनं तो फोनवरून गनीभाईला ऐकवला. गनीभाई हसला, लेकीला शाबासकी दिली. फोन ठेवल्यावर मात्र समोरच्या कापसाला हात न लावता तसाच बसून राहिला.

"सर, रुखसतीच्या दिवशी, लेक सासरी धाडतानाबी मी रडलो नाही," तो म्हणाला. "जवळच तर देली, वाटलं. आज गेली माही पोरगी."