चौथं कलम

तिसरीत असताना मी आईला पहिल्यांदा कागद वाचून दाखवला. रेशन कार्डावर धाकट्या भावाचं नाव चढवायचं होतं, त्याचा अर्ज. त्याच्या आदल्या वर्षी आईला कळलं होतं, की माहेरच्या जमिनीतला आपला हिस्सा आपण कधीच सोडून दिला आहे. एका भाऊबीजेनंतर मामांनी तिला तालुक्याला नेलं होतं, साडी घेऊन दिली होती आणि एका कचेरीत दोन कागदांवर तिचा अंगठा घेतला होता. हिस्सा गेल्याचं तिनं फार मनाला लावून घेतलं नाही. मागितला असता तर दिलाच असता, असं ती आजही म्हणते. वाचून दाखवलं नाही, एवढंच तिच्या मनात राहिलं.

तेव्हापासून आमच्या तीर्थपुरीच्या घरात नियम झाला. कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचा, मगच अंगठा. वडिलांनाही वाचता येत नव्हतं, त्यामुळे बँकेचा, पीकविम्याचा, शाळेचा, कुठलाही कागद आला की मला हाक यायची. काही शब्द मलाच कळायचे नाहीत. ते मी अडखळत तसेच वाचायची. आई म्हणायची, कळू दे न कळू दे, गाळू नको. मी अकरावीत असताना वडील गेले, तेव्हा दवाखान्याचे कागदही मीच वाचले.

माझं शिक्षण पुष्कळ लोकांच्या हातून झालं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई सुटीच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे ठेवायच्या. संभाजीनगरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा वसतिगृहात जागा नव्हती, तर तिथल्या रेक्टर मॅडमनी पंधरा दिवस मला स्वतःच्या घरी झोपू दिलं. यातलं एक जरी माणूस नसतं तर मी आज कुठे असते, हे मला नीट माहीत आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे नोकरी लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता पोहोचली. मलाही काही दिवस तसं वाटलं.

नोकरी अंकुशनगरला, साखर कारखान्यात. दाब, तापमान, रसाची पातळी मोजणारी जी उपकरणं असतात, ती सांभाळायची. उसाचा रस आटवायच्या उंच लोखंडी भांड्यांना आमच्याकडे बॉडी म्हणतात. सफाईसाठी बॉडी थंड केली, की वरच्या गोल झाकणातून आत उतरून आतली उपकरणं तपासावी लागतात. माझी अंगकाठी लहान, म्हणून बहुतेक वेळा मीच उतरते. बाहेर एक माणूस दोरी धरून उभा राहतो आणि दर थोड्या वेळानं विचारतो, मॅडम, हायेत का. मी म्हणते, हाय. आत अंधार, उकाडा आणि जळक्या गुळासारखा वास असतो. पण मला तिथे कधी कोंडल्यासारखं झालं नाही.

साखरेचा दाणा कसा धरतो, हे मी कारखान्यातच पाहत राहिले. आटलेल्या रसातून पहिले दाणे दिसू लागतात तो क्षण साखर शिजवणारे आमचे जुने पॅनवाले काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन ओळखतात. मला प्रश्न पडला, जिथे वजनच नाही तिथे दाणा कसा धरेल? गरम रस वर आणि गार रस खाली हा प्रकारच तिथे नसणार. या प्रश्नाच्या मागे लागून मी वाचत गेले आणि मला कळलं, की परदेशात खाजगी यानं अवकाशाच्या काठापर्यंत जाऊन परत येतात. काही मिनिटं वजन नाहीसं होतं. त्यात हौशी प्रवासी जातात, आणि आता काही संस्था आपला प्रयोग सोबत नेणाऱ्या शास्त्रज्ञांना आणि इंजिनिअरांनाही त्यासाठी तयार करतात. मी एका संस्थेत अर्ज केला. बंद जागेत काम केल्याचा अनुभव आहे का, असा रकाना होता. तो भरताना मला हसू आलं.

निवड होत होत मी शेवटच्या यादीत पोहोचले. आमच्यासारख्या इच्छुकांचा एक गट होता, रविवारी संध्याकाळी फोनवर सगळे भेटायचे. नागपूरचा एक भूगर्भवाला, केरळची एक डॉक्टर, पुण्यातला एक हवामानवाला. सगळे नोकरी करून उरलेल्या वेळात पोहणं, पळणं आणि अभ्यास करणारे. कुणी रजेसाठी अडलेलं, कुणी चष्म्याच्या नंबरासाठी. मी अडले ते एका कागदापाशी.

जवळच्या नातलगाचं संमतीपत्र हवं होतं. दोन पानं, सहा कलमं, इंग्रजीत. नातलगाला वाचता येत नसेल तर ज्यानं समजेल अशा भाषेत वाचून दाखवलं त्याची खाली सही. चौथ्या कलमात लिहिलं होतं, की प्रशिक्षणात किंवा उड्डाणात उमेदवाराचा मृत्यू होऊ शकतो, देह परत मिळेल याची खात्री नाही, आणि हे समजून मी राजीखुशीनं संमती देत आहे.

मी आईला आतापर्यंत सांगितलं होतं ते एवढंच, की परदेशात एक ट्रेनिंग आहे. खोटं नव्हतं. नागपूरवाल्याला मी अडचण सांगितली तर तो म्हणाला, त्याच्या वडिलांनी न वाचता सही केली, आणि मग त्यानं त्यांना सावकाश सांगितलं. तो चांगला माणूस आहे, आणि त्याच्या घरी ते बरोबरही असेल.

गळीत हंगाम सुरू होता. मला बुधवारी सुटी असते, त्या दिवशी सकाळीच घरी गेले. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. भाऊ मोसंबीच्या बागेतून नुकताच आला होता आणि चहा पीत होता. मी कागद काढला. आईनं हात पुसले आणि नेहमीसारखी सावरून बसली.

पहिलं कलम माझं नाव-गाव, दुसरं प्रशिक्षण आणि उड्डाण कुठे, किती दिवस, तिसरं डॉक्टरी तपासणी. मी इंग्रजीवरून मराठी करत वाचत होते. भाऊ मध्येच म्हणाला, ‘ताई, वरून येताना तिथल्या मातीचं सॅम्पल आण. बागेला लावून बघू.’ आई त्याला म्हणाली, गप, ऐकू दे. तिसरं संपलं, आणि मी पाचवं वाचायला लागले. ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, आणि नकळत झालं असंही नाही. पाचवं विम्याचं होतं, सहावं पत्त्याचं. वाचून झाल्यावर मी शाईचं पॅड उघडलं.

आईला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. वजनकाट्यानं आणि मोबाइलनं शिकवलेले. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, कलमांच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून बोट खाली नेलं आणि एका ठिकाणी थांबवलं.

‘ह्या चार नंबरचं काय?’

मी म्हणाले, तेच ते आहे, काही विशेष नाही. भाऊ म्हणाला, ‘दे की आई अंगठा, जल्दी. एवढी शिकलेली पोरगी काय तुला फसवती?’

आईनं त्याच्याकडे बघितलंच नाही. कागद माझ्यापुढे धरून राहिली. मग मी चौथं कलम वाचलं. शब्द मऊ करता येतील तेवढे करून बघितले, पण मृत्यूला किती मऊ शब्द शोधणार? भावानं कप खाली ठेवला.

आईनं आधी विचारलं, असं काही झालं तर आम्हाला कोण कळवणार. मी म्हणाले, संस्थेतून फोन येईल. कोणत्या भाषेत, तिनं विचारलं. मी म्हणाले, इंग्रजीत, पण भाऊ घेईल. मग ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली.

‘मी न्हाई म्हणलं तर?’

‘तर मला घेणार नाहीत.’

‘आन् हो म्हणलं, अन् तुझं बरंवाईट झालं, तर मीच म्हणलेलं ऱ्हाईल.’

माझ्या मनात इतके महिने एकच होतं, की मी अडकले आहे. कारखान्यात, घरात, सगळ्यांच्या उपकारात. तिलाही मी कशात तरी नेऊन अडकवते आहे, हे तिनं म्हटल्यावर कळलं. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

शेवटी ती म्हणाली, खाली जागा आहे, तिथं माझं लिही. मी म्हणाले, असं त्या कागदावर लिहिता येत नाही. ती म्हणाली, मग माझा कागद कसा झाला तो? म्हणून मी पेन घेतलं आणि तिनं सांगितलं तसं मराठीत लिहिलं. मी राजीखुशी देत नाही. पण मी तिला अडवत नाही. तिनं ते दोनदा वाचून घेतलं. मग त्याच्या खाली अंगठा दिला, छापलेल्या चौकटीत नाही. मी वाचून दाखवल्याची सही केली.

मी तो कागद तसाच पाठवला, सोबत त्या दोन वाक्यांचं इंग्रजी केलं. संस्थेतल्या कुणाला तरी समजेल, अशी आशा होती. आठवड्याभरात उत्तर आलं, फार सभ्य. अटी घातलेली संमती धरता येत नाही, सात दिवसांत कोरा नमुना भरून पाठवावा.

मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘दुसरा कागद आण. देते अंगठा. ह्या टायमाला वाचू मात्र नको, मला ऐकवत न्हाई.’

दुसरी प्रत माझ्या बॅगेत होतीच, मी दोन छापून घेतल्या होत्या. अंकुशनगरहून तीर्थपुरी काही लांब नाही, स्कूटीवर जाऊन येता येतं. पण मला जाववेना. न वाचता तिचा अंगठा घेणारी मी दुसरी ठरले असते. पहिल्यांदा मामांनी घेतला तेव्हा निदान तिला माहीत नव्हतं, की त्यात काय आहे. आणि वाचून दाखवायचा हट्ट धरला असता तर तिच्या तोंडून राजीखुशी वदवून घेतल्यासारखं झालं असतं. सहाव्या दिवशी बॉडीची सफाई होती. मी आत उतरले. बाहेरून विचारलं, मॅडम, हायेत का, आणि मला लगेच ओ देता आली नाही. दोरी ओढली गेली तेव्हा म्हणाले, हाय, हाय. त्या दिवशी पहिल्यांदा मला वर दिसणारं झाकणाचं भोक फार लहान वाटलं.

सातव्या दिवशी आईचा फोन आला. कागद घेऊन आली नाहीस, शेवटचा दिवस आहे ना, असं म्हणाली. मी म्हणाले, ‘पुन्हा विचारलं, तर पहिलाच कागद चालला. दुसरा नको.’

मला वाटलं होतं, आपण अडवलं असं तिला वाटू नये. एवढाच विचार होता. पुढचा नव्हता.

पुढे दर बुधवारी ती विचारायची, बोलावलं का? मी म्हणायची, अजून नाही. रविवारच्या गटात मी जाणं कमी केलं. केरळची डॉक्टर निवडली गेली, तिचा पोशाख घातलेला फोटो आला. मला खरंच आनंद झाला. मी तिला तसं लिहिलं, आणि फोन उलटा ठेवून कामाला लागले.

दोन महिन्यांनी भावाचा फोन आला. हसनाबादच्या मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिच्याकडे कुणी नाही, अशा वेळी आईच जाते, दर वेळी. या वेळी गेली नव्हती. मावशी शेतात राहते, तिथे फोनला रेंज नसते. ‘तुझा फोन यील म्हणती,’ भाऊ म्हणाला, ‘तुला बोलावल्याचा. अन् बोलावलं, की मंग...’ मग म्हणाला, ‘मावशी रुसली. आई मोबाइल हातात घेऊन बसून राह्यली. नवा नंबर दिसला की घाबरती.’

मी बुधवारची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेले आणि उंबऱ्याच्या आत गेल्या गेल्या सांगितलं. की कागद चालला नव्हता. की दुसरा मी पाठवलाच नाही. की आता मला कुणी बोलावणार नाही.

आई भिंतीला टेकून बसली होती. मोबाइल पदराखाली होता. तिनं तो काढून जमिनीवर ठेवला.

‘कधीची गोष्ट ही?’

‘दोन महिने झाले.’

‘मंग मी दोन महिने कशाला भीत व्हते?’

मी म्हणाले, तुला वाईट वाटू नये म्हणून. ती उठली, खुंटीवरची पिशवी काढली, दोन लुगडी भरली, मावशीसाठी बाजरीचं पीठ एका डब्यात घेतलं. दुपारी जालन्याची गाडी होती, तिथून हसनाबादची मिळते. मी म्हणाले, मी स्टँडपर्यंत सोडते, स्कूटी आहे.

‘सोडील की भाऊ,’ ती म्हणाली. ‘तू कामावर जा. अर्धीच रजा हाय तुझी.’